उमा ठरली होती

भावाच्या घरी पाळणा हलावा म्हणून मी सोळा सोमवार केले. मुलगी झाली तर उमा नाव ठेवीन, असं पार्वतीला बोललेही होते. अनीश आणि रुचा बाळाला घेऊन जपानहून शेवगावला माझ्याकडे बारशाला आले, तेव्हा नाव ठरल्यातच जमा होतं. आईबाबांच्या मागे मीच थोरली, आणि नाव ठेवायचा मान आत्याचाच.

आदल्या दिवशी अनीशने हसत हसत सांगितलं, की जपानीत उमा म्हणजे घोडा. त्याच्या ऑफिसातली ब्राझीलची मुलगी म्हणे, आमच्यात उमा म्हणजे एक. केनियाचा मित्र म्हणे, जेवणाचा काटा. शब्द तोच, आणि एकमेकांशी ना नातं ना गोतं. मलाही हसू आलं. शेजारचे गोरक्षनाथ पाळणा टांगत होते. घोडेगावच्या बाजारात त्यांची बैलांची खरेदी-विक्री असते. ते म्हणाले, "घोडं लई इमानी जनावर हाय, ताई. ठिवा बिनधास्त."

रुचा मात्र हसली नाही. रात्रीची भांडी विसळताना हळूच म्हणाली, "शोभाताई, तिथे शाळेत चिडवतील हो तिला. पण तुम्ही देवीला बोललाय. मी नको म्हणणार नाही."

तिच्या मनात कोणतं नाव आहे, ते मी विचारलं. "मनवा," म्हणाली, आणि लगेच नळ मोठा सोडला.

सकाळी पूजेला बसले तेव्हा पोथीतली गोष्ट आठवली. कोवळी पार्वती तपाला निघाली, तशी तिची आई मेना कळवळून म्हणाली, "उ, मा!" अगं, नको. त्यावरून ती उमा झाली म्हणतात. म्हणजे आपल्याकडेही ते आधी नाव नव्हतंच, आईचं काकुळतीला येणं होतं. पार्वतीने ऐकलं नाही, तिची गोष्ट मोठी. मला मात्र रुचाचं ऐकायला काय हरकत होती? देवीला फूल वाहिलं, शब्द मागे घेते म्हणून सांगितलं, आणि प्रायश्चित्त म्हणून सोमवार पुढेही चालू ठेवायचे ठरवले. तसेही ते मला आवडतात.

संध्याकाळी पाळण्यावर वाकले. मागे बायका हात उगारून हसत उभ्या. रुचा पाळण्याची दोरी घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मनवा."

पाठीवर धपाटे बसले. दोरी सोडून रुचाही आली. तिने मारलं नाही, नुसता हात पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.