कोरीन माझ्यात मावेनाशी झाली

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे, डावा ब्रेक धड लागत नाही आणि बसायच्या कापडाला मधोमध झोळ पडला आहे. मिस लॉरेन यांच्या पडवीत, मक्याच्या शेतांकडे तोंड करून मी उभी असते. माझी हकीकत ऐकून तुम्हाला धक्का बसेल. मला तर अजूनही बसतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या वाकवल्या, जोडल्या, रंगवल्या आणि लहान मुलांच्या मापाची म्हणून मला वेगळ्या ओळीत ठेवले. मग मी एका दुकानात आले. एके दिवशी तिथे भाजल्याच्या डागांनी भरलेल्या हातांचा एक दांडगा माणूस आला. त्याच्या कडेवर एक मुलगी होती. तो ड्वेन टॅकेट, ट्रेलरच्या कारखान्यातला वेल्डर. ती त्याची लेक कोरीन. तिच्या पाठीच्या कण्यात जन्मापासूनच दोष होता, त्यामुळे पायांत ना बळ होते ना संवेदना. तिची आई ती तान्ही असतानाच घर सोडून गेली होती.

दुकानदाराने ड्वेनला विचारले, "हिला बसवून बघायचं का?"

"मला काय विचारता? तिला विचारा. तोंड आहे तिला, आणि बंद कधी नसतं!"

कोरीन माझ्यात बसली, तिने चाकांना हात घातला आणि आम्ही दोघी थेट कुबड्यांच्या ढिगावर जाऊन आदळलो. ड्वेन पोट धरून हसला. म्हणाला, "हीच बांधा. ब्रेक नसले तरी चालेल. पोरगी कुठे थांबणारे?"

मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. ड्वेन दर रविवारी माझ्या चाकांना तेल घालायचा, नळ्या पुसायचा. त्याच्या गाडीवर चिखलाचे थर असायचे, मी मात्र लखलखीत! शेजारच्या नोरीन व्हिटेकर म्हणायच्या, "ड्वेन, पुढच्या जन्मी मला तुझ्या घरची खुर्ची व्हायचंय."

आणि मग एक दिवस कारखान्यात जॅकवरून ट्रेलर घसरला. खाली ड्वेन होता.

शाळेत एक पोलीस आणि अनाथ मुलांची सोय बघणाऱ्या सरकारी कार्यालयातली एक बाई आली. ते काय म्हणाले ते मी ऐकले, पण मला ते खरेच वाटेना. कोरीनचे हात माझ्या चाकांवर होते. ते तसेच राहिले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मग आज मला न्यायला कोण येणार?"

तिला जवळचे कोणी नव्हते. म्हणून सरकारने तिला मिस लॉरेन प्रुइट यांच्या घरी ठेवले. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या आणि आईबापांविना राहिलेल्या मुलांना घरी सांभाळायच्या. सरकार त्यासाठी त्यांना दरमहा काही खर्च देई. आवाज असा, की भांडी दचकावीत; पण हात मऊ. त्यांच्याकडे जेडा नावाची मुलगी आधीपासून होती. तिची आई जिवंत होती, पण नशेत बुडालेली.

मुले वाढतात, मित्रांनो. खुर्च्या वाढत नाहीत. कोरीनचे गुडघे वर येऊ लागले, पाय माझ्या पाय ठेवायच्या फळीवरून लोंबू लागले. माझ्या बाजूच्या पट्ट्या तिच्या मांड्यांत रुतू लागल्या. तिला तिथे काही जाणवत नसे, त्यामुळे ती तक्रार करत नसे. एकदा अंघोळीच्या वेळी मिस लॉरेन यांना जखम दिसली आणि त्या किंचाळल्याच. जिला उचलून धरायचे, तिलाच मी कापत होते! मी लोखंडाची, पण त्या दिवशी मला वितळून जावेसे वाटले.

डॉक्टरांनी सांगितले, नवी खुर्ची ताबडतोब हवी. विम्याने नकार दिला. मग कार्यालयातून कोरीनची चौकशी करायला बेथनी क्रोल आली. ती तरुण होती, स्वभावाने चांगली होती आणि कायम दमलेली असायची. ती म्हणाली, "ऑफिसात पैसेच नाहीत, लॉरेन. चर्चमध्ये विचारून बघा ना."

मिस लॉरेन यांनी चर्चच्या आवारात सफरचंदाचे केक विकले. त्यातून माझ्यावर टाकायला एक जाड उशी तेवढी आली.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत पाळीव डुकरांच्या स्पर्धेत कोरीनने आपले डुक्कर उतरवले. त्याचे नाव शेरीफ. तिने त्याला लहानाचे मोठे केले होते. रिंगणात भुसा पसरलेला होता. हातात काठी घेऊन कोरीन शेरीफला हाकू लागली आणि माझी पुढची चाके भुशात रुतली. तिचे वजन पुढे होतेच. मी कलंडले. लोक ओरडले. शेरीफ मात्र वळून परत आला आणि तिच्या कानाशी नाक खुपसून उभा राहिला.

"अरे, पुढे जा ना, गाढवा! तुला बक्षीस मिळवायचंय!" कोरीन भुशात पडल्या पडल्या ओरडली. सगळे हसले. पण तिला उचलायला धावलेल्या बाई हसल्या नाहीत. त्या नोरीन व्हिटेकर होत्या. त्यांच्या हाताला कोरीनच्या मांडीवरच्या जखमेचे रक्त लागले होते.

"लॉरेन, ही जुनीच खुर्ची? अजून?"

"नवीला पैसे कुठून आणू, बाई?"

"म्हणजे? ड्वेनचे पैसे येतात ना दर महिन्याला?"

"कोणते पैसे?"

नोरीन यांनी आळीपाळीने दोघींकडे पाहिले. "माझा नवरा जिम गेला तेव्हापासून माझ्या पोरांना येतात. माणूस कमवत असताना सरकार त्याच्या पगारातून कापून घेतं, आणि तो गेला की त्याच्या लेकरांना देतं. ड्वेनने तर जन्मभर काम केलं. कोरीनला मिळायलाच हवेत."

कोरीनच्या केसांत भुसा होता. ही मुलगी गप्प बसलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती.

सोमवारी आम्ही कार्यालयात गेलो. बेथनीला खरोखरच काही माहीत नव्हते. ती आम्हाला तिच्या साहेबांकडे, हॉलिस यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी संगणकात पाहिले आणि अगदी सहज सांगितले, "हो, येतात की. आमच्याकडे येतात. मुलगी इथे आली तेव्हा आम्हीच अर्ज केला होता. तिच्या सांभाळाच्या खर्चात वळते होतात."

"तिच्या बापाचे पैसे तुम्ही घेता?" मिस लॉरेन यांचा आवाज चक्क बसला होता.

"घेत नाही हो, बाई. तिच्यावरच खर्च होतात. सगळं नियमाला धरून आहे."

तेव्हा कोरीन बोलली. "मग जेडाच्या जेवणाचे पैसे कोण देतं?"

"सरकार देतं."

"आणि माझ्या जेवणाचे माझे डॅडी देतात?"

हॉलिस यांनी टाय सारखा केला.

"म्हणजे जिची आई जिवंत आहे, तिला फुकट. आणि जिचे डॅडी ट्रेलरखाली मेले, तिने बिल भरायचं?"

बेथनीने तोंडावर हात ठेवला. त्या खोलीत कोणी चोर नव्हता, मित्रांनो. कोणी खोटेही बोलत नव्हते. याचाच मला जास्त धक्का बसला. माझी पट्टी त्या पोरीला कापत असताना तिच्याच बापाच्या घामाचा पैसा याच कार्यालयात दर महिन्याला येत होता, आणि तिला ते सांगावे असे एकालाही वाटले नव्हते.

प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीश बाईंनी विचारले, "मुलीला कोणी कळवलं होतं?" हॉलिस कागद चाळू लागले. "निदान तिच्या वकिलांना?" कोरीनची बाजू मांडायला न्यायालयानेच नेमलेले वकील उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "नाही, मॅडम. मलाही या आठवड्यात कळलं."

न्यायाधीश कोरीनकडे वळल्या. "जे खर्च झालं ते परत मिळवून देण्याचा अधिकार कायद्याने मला दिलेला नाही, बाळ. मला याची लाज वाटते. पण इथून पुढचं मी बघणार आहे."

त्यांनी कार्यालयाला सर्वांसमोर जाब विचारला. अखेर कार्यालयाने मान्य केले, की यापुढे ते त्या पैशाला हात लावणार नाही. मिस लॉरेन यांनी हे पैसे देणाऱ्या सरकारी खात्याकडे अर्ज केला आणि कोरीनचे पैसे तिच्यासाठी स्वीकारण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यातूनच नवी खुर्ची आली. गेलेले मात्र गेले.

ती खुर्ची लाल होती. कोरीनने माझ्या हातांवर भार टाकून स्वतःला उचलले आणि तिच्यात जाऊन बसली. तिचे डोके एकदम वर गेले. मिस लॉरेन यांच्या खांद्याला लागली ती! "अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढी मोठी कधी झालीस?" मला वाईट वाटले का? वाटले थोडे. पण जखमा भरत आल्या होत्या, त्यापुढे माझे दुःख ते काय!

गेल्या आठवड्यात बेथनीची गाडी पुन्हा दारात थांबली. तिच्याबरोबर एक लहानगी होती, मेसी. तिची आई नुकतीच आजारपणात गेली होती. मेसीचे पाय धडधाकट आहेत, पण आल्या आल्या ती माझ्यात चढून बसली आणि तिने गुडघे पोटाशी घेतले. मिस लॉरेन तिला खायला आणायला आत गेल्या. कोरीन तिच्या लाल खुर्चीतून पडवीत आली.

"हिची आई काम करायची?" तिने बेथनीला विचारले.

"हो. दवाखान्यात."

"मग तिच्या आईचे पैसे कुठे जाणार आहेत?"

बेथनीने गाडीची किल्ली हातात घेतली होती. "मला माहीत नाही," ती म्हणाली. मग तिने किल्ली खिशात टाकली, पडवीच्या पायरीवर बसली आणि हॉलिसना फोन लावला. कोरीन तिच्या मागेच उभी राहिल्यासारखी ताठ बसून होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, असे मी तुम्हाला सांगणार होते. पण ते राहू द्या. तुमच्या गावात आईबाप गमावलेले एखादे मूल असेल, तर त्याला खाऊ द्या, खेळायला घ्या. आणि मोठ्या माणसांना विचारायला लाजू नका, की त्याच्या आईबापांनी मागे ठेवलेले त्याला मिळते का. तुम्ही विचारले नाहीत, तर कदाचित कोणीच विचारणार नाही.