पालकमंत्र्यांसाठी निळा झालेला हातपंप

मित्रांनो, झरी जामणी तालुक्यातल्या एका लहान गावात, समाजमंदिरासमोर, मी तेहतीस वर्षं उभा आहे. मी एक जुना हातपंप. दीडशे फूट खोल बोअरवर मला बसवलं, पहिलं पाणी आलं, तेव्हा बायांनी मला हळदकुंकू लावलं. भर उन्हाळ्यात विहिरी आटायच्या, मी आटलो नाही. गाव माझं कौतुक करायचं. मीही ते खरं मानलं.

पण माझ्या पाण्यात फ्लोराईड होतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, माझ्यात साडेचार निघालं. हे कळायला वीस वर्षं गेली. तोवर मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आले होते आणि चाळिशीतली माणसं काठी टेकत होती. तपासणीवाल्यांनी मला लाल रंग दिला. लाल पंपाचं पाणी धुण्याभांड्यांना घ्यायचं, प्यायचं नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही हे कळायचं.

विमलताई तेव्हापासून दोन किलोमीटरवरच्या विहिरीवरून प्यायचं पाणी आणायच्या. माझ्याच पाण्याने त्यांचे गुडघे आखडले होते. गेल्या वर्षी त्यांची नात दीपा तीन वर्षांची होती. तिचे पक्के दात अजून हिरडीच्या आत घडत होते.

त्याच वर्षी रस्त्याच्या उद्घाटनाला पालकमंत्री येणार असं ठरलं. सरकार प्रत्येक जिल्ह्याला एक पालकमंत्री नेमतं. जिल्ह्याचा निधी कुठे जाणार, हे ठरवणाऱ्या बैठकीचे ते अध्यक्ष असतात. आमचे पालकमंत्री दुसऱ्या जिल्ह्यातले होते. गावात पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवावं, असा अर्ज विमलताईंनी लिहवून घेतला.

आदल्या दिवशी सरपंच पुंडलिकराव निळ्या रंगाचा डबा घेऊन आले.

"काहून रंगवून राह्यले, भाऊ?" विमलताईंनी विचारलं.

"मंडपाच्या समोर लाल पंप बरा दिसते काय? फोटो निघते उद्या."

"दिसू द्या ना! इचारतील तं सांगू."

"विमलताई, पाहुणे आले का आपण घर सारवतो का नाही?"

"सारवतो. पण पाहुण्याले इख पाजत नाही."

पुंडलिकराव हसले आणि ब्रश बुडवला. मंत्री गेले की पुन्हा लाल करू, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी माझा दांडा दोनदा हापसला. फोटो निघाले. विमलताईंनी अर्ज पुढे केला. "साहेब, हे पाणी पेण्याचं नाही. माह्या नातीचे दात जातीन."

मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दूषित पंप लाल असतात, सर. हा निळा आहे."

"काल लाल होता जी! पुंडलिकराव, सांगा ना!"

सगळे पुंडलिकरावांकडे पाहू लागले. हो म्हणावं, तर रंग कोणी दिला हे सांगावं लागलं असतं.

"म्हाताऱ्या हायेत, साहेब," ते म्हणाले. "तुमी मंडपात चला."

मंत्री मंडपात गेले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. अर्जावर शेरा पडला: पिण्यायोग्य स्रोत उपलब्ध. यंत्र दुसऱ्या गावाला मिळालं. मला लाल करायला कोणी आलं नाही. आता लाल केलं, तर शेरा खोटा ठरला असता.

विमलताई उन्हाळाभर माझ्याजवळ बसून लोकांना परत पाठवत राहिल्या. दिवाळीनंतर त्यांना खाटेवरून उठवेना. कापूस वेचायला जायची घाई असलेली त्यांची सून निकिता एके सकाळी दीपाला आणि घागर घेऊन आली.

"सरकारनंच निळा केला," ती शेजारणीला म्हणाली, "आता चांगलंच असन पाणी."

दीपाने ओंजळ धरली. मी पाणी दिलं. मला थांबता येत नाही, मित्रांनो. माझ्यात तसा एकही भाग नाही.

वस्तूंनी आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी "आम्हाला जपा" म्हणायचं असतं. मला जपू नका. माझी साखळी तोडा, दांडा काढून न्या. आणि ते जमत नसेल, तर निदान दीपाची ओंजळ धरून तिला सांगा, की हे पिऊ नकोस.