भरलेला डबा

आईला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवारी सकाळी आमच्या चर्चच्या तरुण संघाचं कुणीतरी डबा न्यायला येतं. आमच्या गावात हे तेरा वर्षं चाललं आहे आणि ते सुरू मी केलं.

भोकरदन तालुक्यातल्या या गावात आमची ख्रिस्ती घरं बावीस. पूर्वी गोरगरिबांसाठी जमवलेली ज्वारी रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाटायचे. ज्याला गरज असेल त्यानं पुढं येऊन पदर पसरायचा. एकदा पुष्पाबाई नावाची विधवा उठली, अर्ध्या वाटेवर थांबली आणि पायात काटा रुतल्यासारखं करून वाकली. मग लंगडत घरी गेली. काटा रुतलेला नव्हता हे सगळ्यांना कळलं होतं. हे शहाऐंशी सालचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, घरोघर एकेक डबा देऊ. भाकरी करायच्या आधी मूठभर ज्वारी त्यात टाकायची. शनिवारी आपण पोरापोरींनी डबे गोळा करायचे. उंबऱ्याबाहेर थांबायचं, आत डोकवायचं नाही, काही विचारायचं नाही. ज्या घरचा डबा दोन शनिवार रिकामा येईल, त्या घरी तिसऱ्या शनिवारी तो भरून जाईल. ज्वारी उरेल ती गावात ज्याला लागेल त्याला, मग तो चर्चचा असो वा नसो.

पाळकसाहेबांना ते पटलं. आई गावात बालवाडी शिकवायची. ती म्हणाली, "चांगलं केलंस. लोकांची लाज राखलीस."

पुढं मला अहमदनगरला एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी लागली. आई गावातच राहिली. दोन एकर जमीन बटाईनं दिलेली होती, तिच्या एकटीच्या पोटापेक्षा जास्त ज्वारी घरात येत होती. मागच्या दिवाळीनंतर तिच्या पत्रांत एक नवीन ओळ येऊ लागली: आपला डबा गावात सगळ्यांत जास्त भरतो. फेब्रुवारीत तिनं लिहिलं की पाळकसाहेबांनी उपासनेत तिचं नाव घेतलं. ते पत्र मी शाळेत सोबतच्या बाईंना वाचून दाखवलं होतं.

मध्ये नाताळला मी घरी आले होते. आई दुधात भाकरी कुस्करून, पार पातळ करून घेत होती. मी म्हटलं, "दात दाखव कुणाला तरी." ती म्हणाली, "दाखवीन." दाताचं कारण मीच सुचवलं आणि तिनं ते घेतलं, एवढंच.

मेच्या सुट्टीत आले तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, अन्ननलिकेत गाठ आहे, सात-आठ महिन्यांची तरी असेल. लवकर आणायला हवं होतं. मी तिला घरी घेऊन आले. शेवटी तिला चमच्यानं पाणी द्यावं लागे, तेही अर्धं परत येई. अशा अवस्थेत मी चुलीपुढं बसले की ती खाटेवरून विचारायची, "मूठ टाकलीस का?"

एकदा मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुझे वडील दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत," ती म्हणाली. "आणि विचारलं कुणी?"

ती न खाल्लेल्या भाकरीची ज्वारी डब्यात टाकत होती. आपल्या वाटचं वाया जाऊ नये म्हणून. जसजशी ती आटत गेली तसतसा डबा भरत गेला. आणि भरलेल्या डब्याच्या घरी काय चाललं आहे ते पाहायचं नाही, हे मी ठरवून दिलं होतं.

त्या शनिवारी सकाळी आधी कडूबाई आली. ही धनगराघरची म्हातारी आमच्या मागच्या बोळात एकटी राहते. संघाची ज्वारी तिलाही जाते. सांत्वनाला लोक आधीच येऊन गेले होते, ती नुसती टेकली. मग म्हणाली, "तुझ्या मायची ज्वारी खाल्ली मी, पोरी. सहा महिने. पन तिची चूल दिवाळीपासून बराबर पेटली न्हाई."

"तुला कसं कळलं, मावशी?"

"धूर दिसंना की. मेंढरू चरायचं सोडून उभं राह्यलं तर मला कळतंय, मानूस कळंना व्हय? मी इचारलं. उपास चालू हायेत म्हनली. म्हनलं, बिलकुल संपंनात असले कसले उपास वो तुमचे? तर हसली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. त्या डबेवाल्या पोरीला. ती म्हनली, आज्जी, आमच्यात आत जायचं न्हाई. म्हनलं, आगं, मंग मानसापरीस डबाच मोठा झाला का तुमचा?"

ती गेल्यावर मी डबा कोनाड्यातून काढून दाराशी ठेवला. त्यात माझ्या हातची ज्वारी होती. डबेवाली म्हणजे बेबीनंदा. ती येईल तेव्हा तिला काय बोलायचं, ते मी मनात पक्कं केलं. पाच-सहा वाक्यं होती, सगळी धारदार.

बेबीनंदा आली ती उंबऱ्याबाहेर थांबली. वीस-एकवीस वर्षांची, डी.एड.ला आहे, खांद्यावर रिकामं पोतं.

"सलाम, ताई. आज डबा न्यायला न्हाई आले. अशीच आले."

"कडूबाईनं तुला आईबद्दल सांगितलं होतं?"

तिनं नजर चुकवली नाही. "सांगितलं होतं. फेब्रुवारीत. त्यानंतर दोन शनिवार मी इथं जरा जास्त थांबले. म्हटलं, विचारावं. बाई अर्धंच दार उघडून डबा बाहेर सरकवायच्या. तो एवढा जड असायचा की मला दोन्ही हात लावावे लागायचे. मंग वाटलं, ज्यांच्या घरात एवढं हाय त्यांना काय विचारायचं?"

"तरी विचारायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "पण ताई, आम्हाला तुमचं नाव सांगूनच शिकवतात. उंबऱ्याबाहेर थांबायचं, हे ताईंनी घालून दिलंय म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला पुढची वाक्यं बोलता आली असती.

तिला मी आत ये म्हटलं. ती माझ्याकडं पाहत राहिली, मग चपला काढून आली आणि आईच्या खाटेकडं तोंड करून भिंतीला टेकून बसली. लहानपणी आईच्या बालवाडीत ती याच घरात बसायची. तेव्हाची चटई अजून कोपऱ्यात गुंडाळलेली होती. थोड्या वेळानं ती उठली, डबा पोत्यात रिता केला आणि म्हणाली, "अजून अकरा घरं राह्यलीत."

मी तिच्याबरोबर निघाले. घरी थांबणं मला जमणार नव्हतं.

चौथं घर धर्मराजकाकांचं. ते पूर्वी विहिरी खोदायचे. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. त्यांनी डबा आधीच बाहेर पायरीवर ठेवला होता, म्हणजे दारही उघडायला नको. बेबीनंदानं तो एका हातानं उचलायला घेतला. उचलेना. तिनं दुसरा हात लावला आणि तशीच थांबली. डबा काठोकाठ भरला होता, झाकण नुसतं वर टेकलेलं होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा पाय त्या पायरीवर पडत नव्हता.

तिनं डबा खाली ठेवला. "काका, पाणी द्या."

"हापसा तिकडं हाय," आतून आवाज आला.

"घरातलं द्या."

"डबा भरून ठेवलाय की. आता अजून काय पाह्यजे तुम्हाला?"

"बसायचंय जरा."

आत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. मग खोकला. "बसा मंग. चहा न्हाई मिळनार. दूध न्हाई."

"नसू दे," बेबीनंदा म्हणाली, आणि चपला काढून उंबरा ओलांडला. तिच्या मागून मी.

आत अंधार होता. काका बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. ते नेहमीचेच दिसत होते, की मला तसं पाहायचं होतं, ते कळेना. आईही नाताळात नेहमीचीच दिसली होती. मी सरळ चुलीकडं गेले, खाली बसले आणि राखेत हात घातला. राख गार होती.

"सकाळी काय खाल्लं, काका?" मी विचारलं.

ते बेबीनंदाकडं पाहून जरा हसले, जणू हिला काय झालं आहे हे तिनं सांगावं. मग पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

मी राखेतून हात काढला नाही. थांबले.