ब्रेकमधली हवा

लीलाधर भारंबेच्या जीपला पंचवीस वर्षांत परक्या माणसाचा हात लागला नव्हता. जामनेरजवळच्या मळ्यात, गोठ्यासमोरच्या अंगणात तिचं सगळं तो स्वतःच करायचा. क्लच, रेडिएटर, एवढंच काय, रंगसुद्धा. मिस्तरी चांगल्या गाडीचं वाटोळं करतात असं त्याचं ठाम मत होतं. लीलाधरनं गाडी बायकोपेक्षा जपली, असं गावात कौतुकानं बोललं जाई आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. गाडीवर त्यानं कधी हात उगारला नव्हता.

बायकोवर, म्हणजे सुनंदाबाईंवर, उगारताना मात्र त्याला कारणही लागत नसे.

बारा दिवसांपूर्वी त्यांची लेक रूपाली पारोळ्याहून, सासरहून, एकटीच निघून आली होती. ओठ फुटलेला, पाठीवर तापलेल्या उलथन्याचे चटके. ते जावयानं, जितेंद्रनं दिले होते. सुनंदाबाईंनी लेकीची पाठ बघितली आणि ओसरीवरच मटकन बसल्या. लीलाधरनंही बघितली. मग त्यानं जावयाला फोन लावला आणि सांगितलं, तुम्ही येऊ नका, गाडीचं काम झालं की मीच आणून सोडतो.

एसटीनं पाठवायचा प्रश्नच नव्हता. भारंब्यांच्या घरातली पोरगी सासरी जाते ती घरच्या गाडीनं, उंबऱ्यापर्यंत, चार लोकांच्या देखत. एसटीनं गेली तर लोक काय म्हणतील? पाठीवरचे चटके लोकांना दिसत नव्हते, त्यामुळे त्यांची त्याला फिकीर नव्हती.

अडत होतं ते ब्रेकपाशी. पेडल दाबलं की पाय थेट तळाला जायचा. पारोळ्यापर्यंत ट्रकांनी भरलेला रस्ता, तेव्हा ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय निघण्यात अर्थ नव्हता. हे दोन माणसांचं काम. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निजून चाकामागचं, हवा काढायचं बारकं निप्पल सैल करायचं. निप्पलला लावलेल्या नळीतून ऑइल बाटलीत येतं, त्याबरोबर बुडबुडे येतात, की निप्पल आवळायचं आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत.

पंचवीस वर्षं हे पेडल सुनंदाबाईंच्या पायाखाली होतं. पाय कधी उचलायचा हे त्यांना झोपेतही कळलं असतं. म्हणूनच या खेपेला त्या दर वेळी क्षणभर आधी उचलत होत्या.

पहिल्या दिवशी चारही चाकं झाली आणि पेडल तसंच मऊ राहिलं. लीलाधरनं त्यांच्या दोन थोबाडीत दिल्या. दुसऱ्या दिवशी तो जळगावहून ब्रेकचे नवे रबर घेऊन आला, सगळं खोलून बसवलं, पुन्हा हवा काढली. पेडल मऊच. त्यानं गाडीच्या फॅनचा जुना पट्टा खुंटीवरून काढला आणि हात दुखेपर्यंत सुनंदाबाईंना झोडलं. त्या मार खात राहिल्या. एक दिवस गेला, एवढंच त्या मनात म्हणाल्या. आपली पाठ सोललेली परवडली, लेकीची नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी लीलाधर मागच्या चाकाखाली निजला होता. त्यानं निप्पल सैल केलं आणि नेमकी त्याची नजर नळीवर गेली. तो आवळायच्या आधीच ऑइल बाटलीतून वर, उलटं चढत होतं, म्हणजे पेडलवरचा पाय आधीच उठला होता.

तो घाई न करता बाहेर आला. व्हील पाना उचलला आणि सुनंदाबाईंना केस धरून सीटवरून खाली ओढलं.

"मुद्दाम करून राह्यली नं तू? तीन दिवस मले येडा बनवून राह्यली?"

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. आत काहीतरी मोडल्याचं त्यांना कळलं. तिसरा त्यांनी हातावर झेलला. बांधावर उभा असलेला शेजारचा रिक्षावाला वना, "भाऊ, मरून जाईन ती," एवढं म्हणाला आणि जागचा हलला नाही. घरातली भांडणं घरात, असली त्याची समजूत. अशी समजदार माणसं गावोगावी असतात आणि त्यांचा मला मनस्वी संताप येतो.

रूपाली धावत आली. लीलाधरनं पाना आईच्या डोक्यावर धरला.

"बस गाडीत. मी सांगीन तसं पेडल दाब. आधी पाय उचलला तर हिचं डोकं फोडीन."

रूपाली चढून बसली. तिनं प्रत्येक वेळी बरोबर दाबलं, बरोबर धरलं. आईचा जीव वाचवायचा तर दुसरं काय करणार? सुनंदाबाईंना चाकापाशी बाटली धरून बसवलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर बुडबुडे कमी होत गेले, मग संपले. एक चाक, दोन, तीन. चौथ्याला ऑइल स्वच्छ आलं. रूपालीनं दाबलेलं पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"झालं," खालून लीलाधर समाधानानं म्हणाला. "जाय, कपडे भर. जेवायले तठीच, पारोळ्याले जाऊ."

रूपाली गाडीतून उतरली. ती रडली नाही, विनवलं नाही. पिशवी भरायला घरात गेली. ते बघून सुनंदाबाईंना जे वाटलं ते भीतीच्या पलीकडचं होतं. अशाच गुमान त्या स्वतः तीस वर्षं जगल्या होत्या.

लीलाधर अजून पाठीवर निजलेला होता. निप्पलचं टोपण बसवून त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि जमिनीवर चाचपत व्हील पाना शोधू लागला. तो पाना सुनंदाबाईंच्या गुडघ्याशी पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. बरगडीतून कळ आली, तरी पूर्ण वर नेला आणि त्याच्या मनगटावर आणला.

हाड मोडल्याचा आवाज झाला. लीलाधर गुरासारखा ओरडला, उठायला गेला आणि कपाळ गाडीच्या लोखंडावर आपटलं. सुनंदाबाईंनी पुन्हा मारलं. तिसऱ्यांदाही मारलं. बोटं वेडीवाकडी झाली, रक्त मातीत सांडलेल्या ऑइलमध्ये गेलं.

"आता चालव गाडी," त्या म्हणाल्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

वनाच्या रिक्षातून तिघं जामनेरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हाताचा चेंदामेंदा बघितला आणि कसं झालं म्हणून विचारलं.

"जॅक सरकला," लीलाधर खाली बघत म्हणाला. बायकोच्या हातचा मार खाल्ला हे त्याच्या जिभेवर येईना.

"जॅक नही," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी मारलं, डॉक्टर. व्हील पान्यानं. हा माझ्या पोरीले चटके देणाऱ्याच्या घरी परत नेऊन राह्यला व्हता म्हणून मारलं."

डॉक्टरांचा पेन थांबला. "हे असंच लिहावं लागेल, मावशी. पोलिसात कळवावं लागेल."

"लिहा. बठ्ठं लिहा. माझ्या बरगड्या बी लिहा, अन् तिची पाठ बी."

आपण काय ओढवून घेतलंय हे त्यांना कळत होतं. पण बोललेलं त्यांनी मागं घेतलं नाही.

एक्स-रेसाठी दोघांना एकाच बाकावर बसवलं. सुनंदाबाईंनी पदर सारखा करायला हात उचलला, तसा लीलाधर दचकला आणि त्यांच्यापासून हातभर लांब सरकला. त्या मोकळ्या जागेत रूपाली येऊन बसली.