रविवारचं एक मिनिट

चौथ्या दिवशीही गाडी हूं की चूं करेना. मेस्त्रीने पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला, हलकेच इकडे दाबला, हलकेच तिकडे. रुसलेल्या माणसाला खांदा धरून हलवावं आणि त्याने डोळेही उघडू नयेत, तसं इंजिन गप्प.

"जोर लावा की भाऊजी," वहिनी शेडच्या दारातून म्हणाली. "चाळीस वर्षं मेस्त्री म्हणून मिरवलात, मनगटं कुठे गेली?"

"मनगटं आहेत, पण हिला मनगट चालत नाही. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. हिच्या पोटात तिकोनी चाक गिरकी घेतं. त्याच्या टोकांना पातळ पट्ट्या असतात, त्या गंजाने भिंतीला धरल्यात. जोर केला की पट्टी मोडली, आणि पट्टी मोडली की खेळ खलास. प्लगच्या भोकांतून तेल सोडलंय, ते झिरपत जाईल तसं चुचकारायचं."

"तुमच्या दादांसारखीच म्हणायची. गोडीत घेतलं तरच ऐकणार."

मेस्त्री कसंनुसं हसला. थोरला भाऊ जाऊन आठ वर्षं झाली होती. ही जगावेगळी गाडी त्याने हौसेने घेतली होती. आता वहिनी घर रिकामं करून मुलीकडे राहायला निघाली होती. असल्या गाड्यांचा एक वेडा उद्या सकाळी येणार होता. इंजिन हाताने एक फेरा फिरलं, तर गाडी गाडी म्हणून नेईन, असा त्याचा शब्द. नाही फिरलं, तर दुपारी भंगारवाल्याचा ट्रक.

पण मेस्त्रीच्या छातीवर गाडीहून जड काहीतरी बसलं होतं, तेही कालपासून. काल तो जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात सल्ला विचारायला गेला होता. दुकानदाराने असली इंजिनं हाताळलेली.

"उभी असताना कोणी चालू करायचं का?" त्याने विचारलं.

"दर रविवारी. मिनिटभर."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "कुठल्या दीडशहाण्याने शिकवलं हे? गार इंजिनात पेट्रोल भसाभसा येतं, भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. तापायच्या आत बंद केलं की ओल धरते, गंज चढतो. दुसरी इंजिनं एकवेळ सोसतील, ही नाही. चालू केली तर चांगली तापू द्यायची, नाहीतर हातच लावायचा नाही."

तो दीडशहाणा दुकानदाराच्या समोरच उभा होता. भाऊ गेल्यावर महिन्याभराने, परगावाहून, फोनवर त्यानेच सांगितलं होतं, "वहिनी, आठवड्यातून एकदा चालू करत जा. मिनिटभर पुरे." सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा तेच. ना येऊन पाहिलं, ना कोणाला विचारलं.

वहिनी आत आली, उलट्या डब्यावर टेकली.

"एक विचारू? खरं सांगा हं. माझ्याच हातून मेली का ही?"

मेस्त्रीचा हात पान्यावर थबकला.

"दोन वर्षं मी एक रविवार चुकवला नाही. अंगात ताप असला तरी. किल्ली फिरवायची, घड्याळाकडे बघत साठ मोजायचे, बंद. मला चालवता कुठे येते? नुसती बसायची. ती गुणगुणायला लागली की वाटायचं, घरात माणूस आहे. वाटायचं, आणखी थोडा वेळ राहू दे. पण तुमचा शब्द मोडला नाही. आणि एका रविवारी नुसतं टक्. तेव्हापासून डोक्यात तेच. ह्यांची एक वस्तू सांभाळायची होती, तीही जमली नाही."

"उभ्या गाडीचं असंच होतं, वहिनी." हे वाक्य मेस्त्रीच्या ओठांवर तयार होतं. अगदी खोटंही नव्हतं. वहिनी त्यावर मान डोलावून उठली असती, आणि तो दोष तसाच उराशी घेऊन मुलीकडे गेली असती.

त्याने पाना खाली ठेवला.

"तुमच्या हातून नाही. माझ्या तोंडून मेली," तो म्हणाला. आणि दुकानदाराचं बोलणं, दीडशहाण्यासकट, सगळं सांगितलं.

वहिनीने खाली ठेवलेल्या पान्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला वाटत होतं तेवढा वेळ चालू ठेवली असती, तर?"

"तर बरी असती."

ती उठून घरात गेली. दार लागल्याचा आवाज आला. मेस्त्री हात पुसत राहिला, पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिला. जावं तर काम अर्धं, थांबावं तर तोंड नाही.

दार उघडलं. वहिनी बाह्या वर सारून समोर उभी.

"सहा वर्षं रात्री मला या कुशीवरून त्या कुशीवर करायला लावलंत, भाऊजी."

"हो."

"एकदा येऊन बघावंसं नाही वाटलं?"

"वाटायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "उद्या तो माणूस आला की ही कशी जाम झाली ते तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. संध्याकाळी माझ्या लेकीलाही."

"सांगतो."

"मग सरका. कसं धरायचं दाखवा."

त्याने तिचे हात दांड्यावर ठेवले. ती लोटी, तो झेली. तो लोटी, ती झेली. हलकेच इकडे, हलकेच तिकडे, कोणी कोणाकडे न बघता. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग, पिकलं फळ देठ सोडतं तसा, दांडा अलगद पुढे गेला. आत तेलाने एक घोट गिळल्यासारखा आवाज केला.

"हलली?"

"हलली. बोटभर."

"अख्ख्या फेऱ्याला किती बोटं लागतील?"

"मोजली नाहीत कधी."

"मग बोलत काय बसलात?" वहिनी म्हणाली, आणि तिने दांडा पुन्हा आपल्याकडे घेतला.