चौदा वाक्यं

नर्सने पट्टीचा शेवटचा वेढा सोडवला तेव्हा बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. उजव्या डोळ्यावरचा कापूस नर्सने तसाच ठेवला. तो डोळा गेलेला होता. डावा किलकिला करून त्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"दिसतंय," तो म्हणाला.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. नऊ दिवस दोन्ही डोळे बांधलेले होते. या नऊ दिवसांत त्यांनीच त्याला भरवलं, दाढी करून दिली, भिंतीला धरून चालवलं.

नाटक कंपनीत त्यांना कुलूपबाई म्हणत. तलवारी, कंदील, टेलिफोन, रंगमंचावरचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात. पण कुलूप एकाच पेटीला. त्या पेटीत एक जुनं पिस्तूल होतं, कधीकाळी शर्यती सुरू करायला वापरलेलं, नुसत्या आवाजाचं. "गोळीच नसते, मग एवढं अवडंबर कशाला?" असं कुणी नवखं म्हणालं की बाई एक कागद टांगत, वीतभर अंतरावरून बार काढत आणि जळून भोक पडलेला तो कागद त्याच्या हातात देत. "गोळी नसते. आग असते."

प्रवेशाआधी त्या स्वतः नळी बघत, सगळ्यांसमोर काडतूस भरत आणि पिस्तूल नायकाच्या हातात देताना दरवेळी तेच सांगत, "सहा हात लांबून. नेम अंगावर नाही, बाजूला. लोकांना तिथून काही कळत नाही." नायक प्रत्येक वेळी हसून मान डोलवी. प्रवेश संपला की विंगेत बाई हात पुढे करून उभ्याच. सतरा वर्षांत कुणाला ओरखडा आला नव्हता.

गोळी खाणारा माणूस म्हणजे त्यांचाच नवरा. तिसऱ्या अंकात तो येई, एक शब्द न बोलता मरे आणि पडदा पडेपर्यंत पडून राही. न बोललेलं सगळं मग घरी आल्यावर बाहेर पडे. बाई भाकरी थापता थापता हुंकार देत.

त्या दिवशी नायक सहा हातांवर थांबला नाही. चालत चालत थेट समोर गेला आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर त्याने चाप ओढला. बाई विंगेतून धावल्या तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते.

नर्स बाहेर गेली. नवरा उठून बसला.

"उशाखाली एक कागद आहे बघ. तेवढी सही करून टाक."

बाईंनी कागद उलगडला. दोनच ओळी टाइप केलेल्या. 'पिस्तूल देताना अंतराची सूचना देणं माझ्याकडून राहून गेलं. नायकाचा यात दोष नाही.' खाली त्यांचं नाव.

"कुणी दिला हा?"

"मॅनेजर आला होता काल. तू डबा आणायला गेली होतीस."

"मी सांगितलं होतं त्याला. तुमच्यादेखत."

"माहितीये गं. पण पोलीस चौकशी करतायत. नायकच आत गेला तर नाटक बंद पडेल, सगळेच उघड्यावर. तुझं काय, फार तर कामावरून काढतील."

"फार तर."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मला वकिलाचं काम देतायत. बोलायचं काम. चौदा वाक्यं आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लग्न ठरलं तेव्हासुद्धा हा चेहरा एवढा उजळला नव्हता. त्यांनी पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं.

"म्हणून तर दाखवा."

त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, सगळं बसलेलं. बाराव्या वाक्याला आवाज नेमका हवा तिथे कापला. बाईंना मनापासून आवडलं.

"छान म्हणता." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "डोळ्यांवर पट्टी असताना कुणी वाचून दाखवली?"

"कुणी कशाला? मीच वाचून पाठ केली. आठवडाभर घोकत होतो, तुला कळू न..."

पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत गेला.

"म्हणजे त्या प्रयोगाच्या आधीच," बाई म्हणाल्या.

"एकदाच जवळून करू, नायक म्हणाला. लोक हादरतील. तू उभा राहा, पुढचं मी बघतो, म्हणाला." त्याचा हात पांघरुणावर फिरत राहिला. "एवढं लागेल असं कुणाला वाटलं होतं?"

"मी सांगत होते."

"तू काय, सगळ्यांनाच सांगतेस."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. कागदाची नीट घडी घालून त्याच्या मांडीवर ठेवली. डबा विसळला, पुसला, पिशवीत भरला.

दारात नर्स भेटली. "उद्या सोडतायत हं. न्यायला सकाळीच या."

"कंपनीची गाडी येईल," बाई म्हणाल्या.

त्या जिन्यापाशी पोचल्या तेव्हा त्याने मागून हाक मारली. आवाज खणखणीत होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.