चिंचेनं घासलेला पाइप

महेशनं पाइप विकत आणला त्या दिवशी घरात जो कल्ला झाला, तसा ठरलेली सोयरीक मोडली तरी होत नाही. विडी सोडतो म्हणून आईच्या गळ्याची शपथ घेतलेला हा गडी नाशिकच्या बुधवारच्या बाजारात फुलं विकायला गेला, आणि गंगेकाठच्या जुन्या मालवाल्याकडून ब्रायर लाकडाचा पाइप घेऊन आला. कुणा परक्यानं ओढून ओढून आतून काळाकुट्ट केलेला. "विडी सोडली ना? ही काय विडी आहे?" असं वर तोंड करून बायकोला ऐकवलं. सोंग नुसतं!

त्याची आई यशोदाबाई मात्र भलत्याच गोष्टीवर अडून बसली. "दुसऱ्याचं उष्टं तोंडात घालतो? लाज नाय वाटत?" महेश अंघोळीला गेला तेवढ्यात तिनं पाइपला चिंच लावली, कढत पाण्यात बुडवला, आतला काळा थर उलथन्याच्या टोकानं खरवडून काढला आणि देवाच्या तामणासारखा लख्ख करून लेकाच्या हातात दिला. महेशनं कपाळावर हात मारला.

"आई, पाइप धुवायचा नसतो गं! यात वास मुरावा लागतो. वर्षं लागतात."

आणि खरंच लागली. गंगापूर रोडच्या पुढं चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या, तरी मधला शेवंती-झेंडूचा तुकडा यांनी विकला नव्हता. संध्याकाळी पाणी भरून झालं की महेश दारच्या पायरीवर बसायचा. तंबाखूच्या डबीत दोन लवंगा टाकलेल्या असायच्या. छाया, त्याची बायको, आतून चिडवायची, "साहेब, चहा आणू, की शिपायाला सांगू?" तंबाखू, लवंग आणि त्याचा स्वतःचा असा काही वास त्या लाकडात मुरला होता, की तो आल्याचं न बघताच कळायचं. त्याचा पुढचा दात तुटका होता. त्याची खाच पाइपच्या दांडीवर पडली होती.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवता चढवता महेश खाली बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या नाशिकच्या दारांवर तोरणं चढली आणि ज्यांनी झेंडू पिकवला त्यांचं दार भुंडं राहिलं.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असं आल्यागेल्यानं टुमणं लावलं. एका दुपारी बोहारीण आली तेव्हा छायानं सगळा गठ्ठा न बघताच तिच्यापुढं टाकला. बघितलं असतं तर दिलाच नसता. बदल्यात एक स्टीलचं पातेलं मिळालं. ते फळीवर ठेवताना तिला एकदम आठवलं, की पाइप त्या गठ्ठ्यात होता, खाकी कोटाच्या आतल्या खिशात. ती तशीच अनवाणी रस्त्यावर धावली. पण बोहारीण कुठली सापडायला!

नेमकं दुसऱ्याच दिवशी यशोदाबाई म्हणाली, "छाये, त्याचा पाइप दे मला. उशाला ठेवते."

एका पातेल्यापायी घालवला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "आत्याबाई, तो मी त्यांच्याबरोबरच दिला," छाया बोलून गेली. "चितेवर."

म्हातारीनं उशी सारखी केली. "बरं केलंस. तिकडं लागंल त्याला."

तेव्हापासून त्या पातेल्यात दूध तापवताना छायाचा जीव तुटायचा. नवऱ्याचा चेहरा फोटोत होता, आवाज मोबाइलमध्ये होता, पण वासाचा काही फोटो निघत नाही. डबी उघडून हुंगायची, तर त्यात नुसता तंबाखू होता, महेश नव्हता. आपल्याला त्याचा वास आठवेनासा होतोय, ही एकच भीती तिला दिवसरात्र खात होती.

आता फुलं घेऊन बुधवारी तीच जायची. परवाच्या बुधवारी टोपल्या रिकाम्या करून ती निघाली आणि जुन्या मालवाल्याच्या गोणपाटावर, गंजक्या कुलपांच्या आणि चष्म्यांच्या ढिगात, तिला तो दिसला. दांडीवरची खाच तिनं अंगठ्यानं चाचपली. मग पाइप नाकाला लावला. लवंग. आणि लवंगेच्या मागं महेश, सगळाच्या सगळा. भर बाजारात तिच्या डोळ्यांना धार लागली.

"पुसून, तेल लावून देऊ का, बाई?" मालवाल्यानं विचारलं.

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की तो बिचारा दचकला. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या छायानं त्या दिवशी भावच केला नाही.

घरी येताच यशोदाबाईनं विचारलं, "काय गं पुडीत?" मोतीबिंदूमुळं तिला आता सावल्याच दिसायच्या.

खरं सांगावं तर चितेचं खोटं उघडं पडणार. "पाइप आहे. बाजारातून आणला. त्यांच्यासारखाच."

"कुणाला?"

"मलाच. संध्याकाळी पायरीवर बसून ओढीन म्हणते."

आता शिव्या पडणार म्हणून छाया खाली मान घालून उभी राहिली. म्हातारी हळूच म्हणाली, "ओढ बाई. वास तरी यील घरात."

तेवढ्यात लाइट आली. शेतीची लाइट, ती काय वाट बघते होय? पुडी ओट्यावर ठेवून छाया मोटार चालू करायला पळाली. वाफ्यांना पाणी देतानाही तिचं चित्त त्या पुडीत होतं. ऊन उतरलं की त्याच्या वेळेला, त्याच्या जागेवर बसायचं होतं तिला.

परत आली तर स्वयंपाकघरात चिंचेचा वास भरला होता.

ओट्यावर बोहारणीचं पातेलं होतं आणि त्यात काळं पाणी. यशोदाबाई पदरानं पाइप पुसत होती, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू होतं. "कुणाचं उष्टं हाय कुणाला ठावं! तुझ्या तोंडात कशाला? डोळ्याला दिसत नाय, पन हातानं चाचपून समदं खरवडलं. लय काळं निघालं गं."

छायानं पाइप नाकाशी नेला. चिंच. ओलं लाकूड. दुसरं काही नाही. किंकाळी उठली, ती तिनं दाबून धरली. कारण बोलली असती, तर या बाईला कळलं असतं, की स्वतःच्या हातानं तिनं काय खरवडून काढलं.

"छान निघाला, आत्याबाई," ती म्हणाली.

पातेल्यातलं पाणी ओतायला तिचा हात धजेना. ते तिनं तसंच झाकून ठेवलं.

संध्याकाळी दोघी पायरीवर बसल्या. छायानं डबीतला तंबाखू भरला, काडी ओढली, आणि ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. बरं झालं, रडायला निमित्त मिळालं. दांडीवरची खाच तशीच होती, पण तिचे दात धड. त्या खाचेत ते बसतच नव्हते.

यशोदाबाईनं हवेत नाक वर करून लांब श्वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"नुसता धूर येतोय गं. महेशच्या पाइपचा वास निराळाच व्हता."

"हो, आत्याबाई. निराळा होता."

म्हातारीनं चाचपत सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "मुरंल, छाये. वरसं लागत्यात. महेशच सांगायचा."